सैल झाकणांचा दावा

आमच्या काकांचा कोणावरही विश्वास नव्हता, आणि त्यांनी कोणाचं वाईटही कधी चिंतलं नाही. या दोन गोष्टी एका माणसात सुखानं नांदतात हे ज्यांना पटत नसेल, त्यांनी काकांबरोबर एकदा बाजारात जायला हवं होतं. फळवाला म्हणे, "आजचीच आहेत, साहेब." काका अगदी मायेनं विचारत, "बरं, आणि कालची कुठं ठेवलीस?" तोही हसत हसत मागची टोपली पुढं ओढायचा. राग नाही, लोभ नाही. फक्त तपास.

जन्मभर त्यांनी विमा कंपनीत दावे तपासले. जळालेली दुकानं, भिजलेला माल, मुरगळलेले पाय. राखेकडे बघून ती कापसाची आहे की रद्दी कागदाची, हे ते सांगत. निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते त्यांनी घरच्या जुन्या घड्याळाशेजारी टांगलं आणि दोघांवर पाळत ठेवली. काकू म्हणत, "लग्नात यांनी मला हार घातला, तेव्हासुद्धा मागं वळून बघत होते, खरी नवरी तिकडं तर नाही ना."

अशा माणसाच्या उजव्या हाताचा अंगठा म्हातारपणी रुसला. दिसायला धडधाकट, पण काही पिळायचं म्हटलं की अंगठ्याच्या बुडाशी कळ यायची आणि पकड सुटायची. नळ, किल्ली, बरणीचं झाकण, टूथपेस्टचं टोपण, जे जे म्हणून फिरवून उघडायचं ते सगळं काकांवर उलटलं.

काकांनी हे कोणालाही सांगितलं नाही. डॉक्टरला नाही, काकूंना तर नाहीच. कारण सरळ होतं. हाताची पकड गेली, असं सांगत येणारी माणसं त्यांनी नोकरीत ढिगानं पाहिली होती. सूज नाही, जखम नाही, हाड शाबूत, आणि म्हणे दुखतं. हे सगळ्यांत स्वस्त ढोंग, असं ते नव्या पोरांना शिकवत. आता तेच दुखणं स्वतःला झाल्यावर पंचाईत झाली. आरशासमोर उभं राहून ते अंगठा हलवून बघत, आणि त्यांना अंगठ्याचाच संशय येई.

याच सुमारास धाकटी त्यांच्याकडे राहायला आली. धाकटी म्हणजे काकांच्या सगळ्यांत लहान भावाची मुलगी. ती विद्यापीठात डिझाइन शिकत होती. तीन वर्षं झाली की पदवी घेऊन घरी जाता येत होतं, पण जिला ऑनर्स हवं तिनं चौथं वर्ष राहायचं. त्या वर्षात पेपर नाहीत. एक माणूस निवडायचा, त्याची रोजची एक अडचण शोधायची, आणि ती सोडवणारी वस्तू करून दाखवायची. शेवटी परीक्षकांसमोर त्या माणसानं ती वस्तू स्वतः वापरायची. आणि तो वापरत असताना विद्यार्थ्यानं हात मागं बांधून गप्प उभं राहायचं. एक शब्द बोलला तर ऑनर्स गेलं, साधी पदवी घेऊन घरी. वस्तूनं स्वतः बोलावं, असं त्या विभागाचं म्हणणं.

धाकटीला हे ऑनर्स जिवापाड हवं होतं. तिचे वडील, म्हणजे काकांचा भाऊ, तीन वर्षं तेच म्हणत होते की खुर्च्यांची चित्रं काढायला विद्यापीठ कशाला. ऑनर्स मिळालं तर तिला पुढं काम द्यायला एक कारखाना तयार होता. नाही मिळालं तर घरी जाऊन वडिलांच्या दुकानात बसायचं ठरलेलं होतं.

तिनं माणूस म्हणून काकांना निवडलं. काकांनी संमतीचा कागद उलटसुलट करून वाचला आणि विचारलं, "माझ्यात नेमकं काय बघणार?"

"ते सांगायचं नसतं, काका. सांगितलं की माणूस वेगळं वागतो. विचारायचंही नसतं. विचारलं की माणूस खोटं बोलतो, असं आमच्या विभागाच्या मॅडम म्हणतात."

शेवटचं वाक्य काकांना इतकं पटलं की त्यांनी सही केली. केल्यानंतर मात्र त्यांना झोप लागेना. काय बघतायत हे न सांगता घरात माणूस बसवायचा, ही पद्धत त्यांच्या चांगली ओळखीची होती. संशयित दावेदाराच्या गल्लीत ते स्वतः असेच वर्तमानपत्र धरून बसत. त्यांच्या आरोग्य विम्याचं नूतनीकरण जवळ आलं होतं. पोरीला कंपनीनं पेरलं असेल का? पोरीलाही ते ठाऊक नसेल. मॅडमना असेल. आपण असतो तर हेच केलं असतं, हे मनाशी कबूल करताना त्यांना कंपनीचा थोडा अभिमानही वाटला.

मग काकांनी बंदोबस्त केला. धाकटी आंघोळीला गेली की ते स्वयंपाकघरात शिरत आणि दिवसभर लागणारी झाकणं दोन्ही तळहातांत धरून, दात ओठ खाऊन, एकदाची सैल करून ठेवत. नळ पूर्ण बंद करणं सोडलं, कारण मग तो उघडावा लागे. दाराची कडी नुसती टेकवून ठेवत. बुटांच्या नाड्या बांधलेल्याच ठेवून पाय आत सरकवत. धाकटी समोर आली की वरचं झाकण दोन बोटांनी असं अलगद उचलत, की बघणाऱ्याला वाटावं या हातानं अजून कुस्ती खेळता येईल.

धाकटी प्रामाणिकपणे बघत होती. ती बघत होती की काका झाकणं लावायचं विसरतात. नळ टपकत ठेवतात. दार नीट लावत नाहीत. बूट नाड्या न सोडता काढतात. तिनं प्रत्येक गोष्टीचा फोटो काढला, खोलीच्या भिंतीवर लावला, आणि एके दिवशी त्या भिंतीसमोर बसून ती मुसमुसून रडली. तिच्या लाडक्या काकांची स्मृती चालली होती.

मॅडमना तिनं सगळं दाखवलं. मॅडम म्हणाल्या, अडचण खरी आहे आणि पुरावा भक्कम आहे, याच वाटेनं जा. आणि घरी एवढ्यात कोणाला बोलू नकोस, माणूस घाबरतो.

काकांनी एका दुपारी धाकटीच्या उघड्या दारातून ती भिंत पाहिली. टपकता नळ. टेकवलेली कडी. साखरेची बरणी, झाकण तिरपं. कॉफीची बरणी, झाकण तिरपं. कुठंही त्यांचा चेहरा नाही, फक्त जागा आणि वस्तू. हा पंचनामा होता, आणि चांगला होता. काका चष्मा पुसून जवळ गेले. एका फोटोत पिठाची बरणी होती, तिचंही झाकण सैल. काका बराच वेळ त्या फोटोपाशी थांबले. पिठाच्या बरणीला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. म्हणजे हा पुरावा पेरलेला होता.

दुसऱ्या दिवशी ते विद्यापीठात जाऊन थडकले. डिझाइन विभाग म्हणजे एक लांबलचक हॉल होता. पुठ्ठ्याच्या खुर्च्या, फोमचे कापलेले तुकडे, डिंकाचा वास, आणि जमिनीवर मांडी घालून बसलेली मुलं. एक मुलगा बंद दाराची मूठ धरून नुसता उभा होता. काकांनी विचारलं, दार अडकलंय का. तो म्हणाला, नाही, मी समजून घेतोय. काकांनी ही नोंद मनात केली.

मॅडम भेटल्या. चेहऱ्याकडे बघायच्या आधी त्यांनी काकांच्या बुटांकडे पाहिलं, न सोडलेल्या नाड्यांकडे, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "अच्छा, तुम्ही काका. बसा. हे विद्यापीठ आहे."

"ते बाहेर लिहिलंय," काका म्हणाले.

त्यांनी आडून आडून बरंच विचारलं. विमा कंपन्यांशी विभागाचा काही संबंध? मॅडम हसून म्हणाल्या, छे. खरं बोलणारा माणूस आधी थोडा थांबतो, त्या थांबल्या नाहीत, हे काकांना खटकलं. सरावलेल्या दिसतात. निघताना मॅडमनी फाटकाकडे जायचा रस्ता सांगितला. मग पुन्हा एकदा सांगितला, सावकाश. मग एका मुलीला त्यांच्याबरोबर पाठवलं. काकांना कोणी इतक्या काळजीनं कुठूनही बाहेर काढलं नव्हतं. या बाईंना आपण इथून लवकर जायला हवंय, असा निष्कर्ष काढून ते घरी आले.

मग घरात टिटव्या आल्या.

धाकटीनं बटणाएवढ्या चकत्या तयार केल्या होत्या. झाकणाला, नळाला, दाराला चिकटवायच्या. वस्तू नीट बंद झाली नाही, की चकती टिवटिवायला लागायची. तिनं त्यांना काहीतरी देखणं नाव दिलं होतं, पण काकूंनी पहिल्याच दिवशी टिटवी म्हटलं आणि तेच राहिलं. चकत्या लावताना धाकटीला काकांना सांगावंच लागलं. तिनं त्यांचा हात हातात घेतला आणि खाली बघत म्हणाली, "काका, वयानं विसरायला होतंच. त्यात काही कमीपणा नाही."

म्हणजे कंपनी नव्हती. पोरगी त्यांना विसराळू समजत होती. ज्यांना कित्येक वर्षांपूर्वीच्या आगीतली जळालेली खुंटी आठवत होती, त्यांना. रागानं त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं की अंगठ्याचं गुपित सुरक्षित आहे.

"मॅडम काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"म्हणतात, असंच राहिलं तर ऑनर्स नक्की."

हे ऐकून काकांनी ठरवलं की आपण विसराळू व्हायचं. पोरीचं भलं होतंय, आपलं झाकून जातंय. आयुष्यभर खोटे दावे पकडले, एक करून बघायला काय हरकत आहे. ढोंग कसं पकडतात ते त्यांना माहीत होतं, त्यामुळं कसं करायचं तेही माहीत होतं. ते चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधत. काकूंना विचारत, आज वार कोणता. काकू म्हणत, "विचारताय कशाला, मी सांगितलेला कुठं पटणार आहे तुम्हाला."

पण टिटव्या ढोंगाला बधत नव्हत्या. झाकण सैल ठेवलं की घर टिवटिव करी. घट्ट लावलं की उघडता येत नसे. काकांनी साखर सोडली. मग कॉफी सोडली. बाहेर जाताना किल्ली फिरवावी लागते म्हणून फिरायला जाणं सोडलं. काकू त्यांच्याकडे रोखून बघू लागल्या. यांना साखरेचा आजार झालाय आणि हे लपवतायत, असं त्यांनी धाकटीला सांगितलं. धाकटीला वाटलं, काका साखर घालायचंच विसरले. एका घरात तीन माणसं, तिघांचे तीन संशय, आणि वर टिटव्या.

परीक्षेच्या महिनाभर आधी विभागात तालीम होत असे. नियम सगळे शेवटच्या परीक्षेचे. बाहेरचे परीक्षक येत, आणि त्यांनी तालमीत ज्याच्या कामाला मान हलवली त्याचं ऑनर्स झाल्यातच जमा असे. काकांसाठी हॉलमध्ये एक ओटा मांडला होता. त्यावर पाण्याची किटली, कप, साखरेची बरणी, कॉफीची बरणी. झाकणांना टिटव्या. धाकटीनं सकाळी सगळी झाकणं स्वतःच्या तरण्या हातानं घट्ट बसवली होती. तिच्या हिशेबानं काका कॉफी करणार, झाकण उघडंच ठेवणार, टिटवी वाजणार, काकांना आठवणार आणि ते झाकण लावणार. ती बाजूला हात मागं बांधून उभी राहिली.

परीक्षक टक्कल पडलेले, बारीक गृहस्थ होते. ते काहीही लिहीत नव्हते, नुसते बघत होते. काकांनी त्यांना पाहिलं आणि ओळखलं. ओळख नव्हती, तपासनिसाची जात ओळखली. हा आपल्यातला.

"स्वतःसाठी एक कप कॉफी करा," परीक्षक म्हणाले.

काकांनी बरणीला हात घातला. झाकण हललं नाही. त्यांनी बरणी छातीशी धरली. कळ कोपरापर्यंत गेली. मग त्यांनी बरणी खाली ठेवली, छताकडे बघितलं, आणि मी इथं कशाला आलो होतो बरं, असा चेहरा केला. तो इतका उत्तम झाला की मॅडमनी परीक्षकांकडे सूचक नजर टाकली. परीक्षकांची मान हलायच्या बेतात आली.

त्याच वेळी काकांची नजर धाकटीवर गेली. धाकटी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. ती त्यांच्या अंगठ्याकडे बघत होती. इतके महिने तिनं काकांच्या मागं राहिलेल्या वस्तू पाहिल्या होत्या. झाकण उघडणारा हात तिला पहिल्यांदाच समोर दिसत होता, कारण काकांनी तो कधी दिसूच दिला नव्हता. तिचा चेहरा पांढरा पडला. तिला कळलं होतं. ओठ हलले, पण ती बोलली नाही. बोलली असती तर तिथंच सगळं संपलं असतं, आणि न बोलता नुसतं उभं राहिलं तर ऑनर्स समोर होतं. मागं बांधलेले हात तिनं आणखी घट्ट केले, आणि डोळ्यांतून पाणी येऊ दिलं.

काकांनी जन्मात बरेच खोटे दावेदार पाहिले होते, पण दाव्यापायी रडणारा साक्षीदार त्यांना सहन झाला नाही.

"साहेब," ते म्हणाले, "हा दावा खोटा आहे."

हॉलच्या कोपऱ्यात फोम कापणाऱ्या मुलाची कात्री थांबली.

"मी काही विसरत नाही. मला झाकण उघडत नाही. अंगठ्यानं पिळता येत नाही. मी सैल ठेवत आलो, पोरीला वाटलं विसरतो. तिची चूक नाही. मी फसवलं."

परीक्षकांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. "घरी का नाही सांगितलं?"

"सूज नाही, जखम नाही," काका म्हणाले. "तुम्ही ठेवला असता विश्वास?"

परीक्षक थोडा वेळ थांबले. थांबले म्हणून काकांना ते खरे वाटले. "नसता ठेवला," ते म्हणाले. मग मॅडमकडे वळून त्यांनी सांगितलं की या वस्तूला ऑनर्स देता येणार नाही, ज्याला झाकण उघडत नाही त्याला ते लावायची आठवण करून देण्यात अर्थ नाही. आणि उठता उठता, हात मागं बांधून उभ्या असलेल्या मुलीला म्हणाले, "अडचण तुला आज सापडलीय. महिना आहे."

घराच्या दाराशी आल्यावर काकांनी सवयीनं खिशातून किल्ली काढली, मग थांबले, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याला म्हणाले, "तू उघड."

धाकटीनं भिंतीवरचा एकही फोटो काढला नाही. फोटो तेच होते, फक्त आता ती ते उलटे वाचत होती. तिरपं झाकण म्हणजे विसर नव्हे, तयारी. टेकवलेली कडी म्हणजे तयारी. ती लाकडाची, रबराची, कशाकशाची झाकणं करत बसली. काका प्रत्येकावर तुटून पडत. झाकण चांगलं आहे असं ती म्हणाली, की ते ओल्या हातानं, साबणाच्या हातानं, डोळे मिटून उघडून बघत आणि म्हणत, "नामंजूर." भोळ्या मनाचा माणूस असता तर पहिल्याच झाकणाला वा म्हणून मोकळा झाला असता, आणि पोरगी घरी गेली असती. काकांचा संशय तिच्या उपयोगी पडला. शेवटी एक रुंद, दोन पंखांचं झाकण उरलं. ते अंगठ्यानं पिळायचं नव्हतं, तळहाताची कड टेकून ढकलायचं. घरातल्या जुन्या बरण्यांवरही बसत होतं. त्याला काका बरेच दिवस काही बोलले नाहीत. मग एका सकाळी धाकटीला स्वयंपाकघरातून कॉफीचा वास आला.

परीक्षेत काकांनी तीच कॉफी केली, झाकण लावलं, आणि कप स्वतः न पिता परीक्षकांपुढं ठेवला. परीक्षकांनी आधी बरणीचं झाकण ओढून बघितलं, घट्ट आहे ना. मगच कॉफी घेतली. धाकटी हात मागं बांधून उभी होती आणि या वेळी तिला काही बोलावंसंही वाटत नव्हतं.

ऑनर्सची यादी लागली त्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला, की दुकानातली तिची खुर्ची आता दुसऱ्याला देतो. हे त्यांचं अभिनंदन होतं. काका मात्र विद्यापीठात जाऊन यादी स्वतः बघून आले, आणि खिडकीतल्या कारकुनाला विचारून आले की यादी हीच ना, दुसरी नाही ना कुठं.

धाकटी कारखान्याच्या गावी जायला निघाली, तेव्हा भिंतीवरचे फोटो उतरवायला काका तिला मदत करत होते. एक फोटो त्यांनी हातात धरून ठेवला. पिठाची बरणी. झाकण सैल.

"ही बरणी मी कधीच उघडत नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, हा तू पेरलेला पुरावा."

धाकटीनं फोटो पाहिला, मग काकांकडे पाहिलं. काका फोटो घेऊन स्वयंपाकघरात गेले. काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. नळ थोडा टपकत होता.

"अगं," काका म्हणाले, "जरा तुझा अंगठा दाखव बघू."

काकूंनी मागं वळून पाहिलं नाही. "एवढे मोठे तपासनीस," त्या म्हणाल्या, "आणि तुम्हाला आत्ता संशय आला?"